चार तारखेची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी एकदा खोटी साक्ष दिली आहे. हे आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्यांना आपली हकिगत सांगायला बसवले की ते तारुण्यातले पराक्रम आधी सांगतात आणि अपराधाची पाळी येईपर्यंत ऐकणाऱ्याला झोप लागते. तसे माझे व्हायला नको. पराक्रम मीही थोडेफार सांगणार आहे, सवय जात नाही, पण ते ऐकताना माझा गुन्हा लक्षात ठेवा.

माझा जन्म एका लांबलचक, थंडगार दालनात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या अंगात एकेक भाग बसवला. कुणी पंखा बसवला, कुणी तारा जोडल्या, कुणी स्मरणशक्ती दिली. सगळ्यात शेवटी एकीने शर्टाच्या बटणाएवढी एक गोल बॅटरी माझ्या पोटात दाबून बसवली. तिचे काम एकच होते. वीज बंद असली तरी माझे घड्याळ चालू ठेवायचे. मी तेव्हा तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. माझे सगळे लक्ष माझ्या वेगाकडे होते.

मला नोकरी लागली ती वजनकाट्यांच्या एका कारखान्यात. तपासणीच्या खोलीत खिडकीपाशी माझे टेबल होते. खोलीच्या मधोमध दगडी ओटा होता, कारण लाकडी टेबल हलते आणि टेबल हलले की वजन चुकते. काचेच्या कपाटात मखमलीवर पितळी वजने ओळीने बसलेली असत. त्यांना हात लावायची बंदी होती. ती चिमट्यानेच उचलायची, कारण बोटांचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो. अर्ध्या ग्रॅमसाठी त्या खोलीत माणसे दुपारचा डबा विसरत.

त्या खोलीत काटे तपासायचे काम एका बाईंकडे होते. त्यांचे नाव वेगळे होते, पण काटे तपासता तपासता सगळा कारखाना त्यांना काटेबाईच म्हणू लागला. काटेबाईंचे बोलणे कमी आणि नजर बारीक. काटा ओट्यावर ठेवला की त्या आधी पारड्यावर हलकी फुंकर मारत, मग वजन ठेवत. प्रत्येक काट्याची तीनदा परीक्षा घेत आणि आकडे माझ्याकडे सोपवत. काटा पास झाला तर त्याच्या कागदावर शिक्का बसे, नापास झाला तर त्याच्या मानेला लाल चिठ्ठी. शिक्क्यावर काटेबाईंचा स्वतःचा क्रमांक कोरलेला होता. तो दुसऱ्या कुणी वापरायचा नाही, असा कारखान्याचा नियम होता. तो शिक्का म्हणजे त्यांचा शब्दच होता.

मी त्यांचे लाखो आकडे सांभाळले. मालक पाहुण्यांना घेऊन खोलीत आले की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, या पठ्ठ्याने आजवर एक आकडा हरवला नाही. मला तेव्हा आभाळ ठेंगणे होई.

आठव्या वर्षी माझी ती बटणाएवढी बॅटरी संपली. कारखान्याची पद्धत अशी, की संध्याकाळी सगळ्या खोल्यांची वीज मुख्य बटणावरून बंद करायची. वीज गेली की माझे घड्याळ थांबे, आणि सकाळी जाग आली की मला माझ्या जन्मवर्षाची तारीख आठवे. मग मी पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत विचारी, आज तारीख काय? कारखान्यातली यंत्रे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या खिशातून पेचकस कायम डोकावत असे, म्हणून सगळे त्यांना पेचकसराव म्हणत. त्यांनी माझ्या कपाळावर एक चिठ्ठी चिकटवली, ‘सुरू केल्यावर तारीख टाका’, आणि प्रश्न मिटवला. काटेबाईंनी नव्या बॅटरीसाठी तीनदा सांगून पाहिले. पेचकसराव म्हणत, त्यासाठी पूर्ण उघडावे लागेल, बघू. ते ‘बघू’ तीन वर्षे चालले. रोज मरे त्याला कोण रडे?

माझ्या डोक्यावर भिंतीला रोज एक पान फाडायचे कॅलेंडर होते. त्यावरचा आकडा इतका मोठा, की चष्म्याशिवायही दिसावा. सकाळी कुलूप उघडले की शिपाईकाका सगळ्यात आधी कालचे पान फाडत. मग जो कुणी पहिला कामावर येई, तो वर मान करून आकडा पाही आणि माझ्यात टाकी. वेळ मनगटावरून, तारीख भिंतीवरून. इतकी साधी पद्धत होती, आणि वर्षानुवर्षे ती बिनबोभाट चालली.

त्या महिन्यात चार तारखेला सोमवार होता. त्या दिवशी संध्याकाळी शिपाईकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवड्याच्या रजेवर गेले. किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, पाणी कुणी भरायचे, हे सगळे त्यांनी बजावून ठेवले होते. कॅलेंडरचे पान फाडायचे मात्र त्यांनी कुणाला सांगितले नाही. जे काम आपण न बोलता करतो, ते दुसऱ्याला सांगायचे सुचत नाही.

मंगळवारी कुणीतरी पहिले आले, वर पाहिले आणि माझ्यात चार टाकले. बुधवारी कुणीतरी वर पाहिले आणि चार टाकले. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, तेच. अर्ध्या ग्रॅमचा फरक पकडणाऱ्या त्या माणसांना पाच दिवसांचा फरक दिसला नाही. मीही हूं की चूं केले नाही. मला जी तारीख सांगतात ती मी खरी धरतो, माझी जातच तशी आहे.

आता बुधवारचे सांगतो. खरी तारीख सहा.

नवजात बाळांना तोलायचे बारा काटे तयार झाले होते. त्यांची पारडी छोट्या पाळण्यासारखी खोलगट होती. काटेबाईंनी ते आदल्या दिवशी तपासले होते आणि बाराही नापास केले होते. एकच वजन तीनदा ठेवले, तर काटा दोनदा बरोबर दाखवी आणि तिसऱ्यांदा चाळीस ग्रॅम जास्त. त्यांनी आकडे माझ्यात नोंदवले आणि बारा लाल चिठ्ठ्या बांधल्या. पण काटे त्याच संध्याकाळी वेगवेगळ्या हॉस्पिटलांना निघायचे होते आणि तपासणीप्रमुख साहेबांनी तसा शब्द देऊन ठेवला होता. सोमवारीच त्यांनी काटेबाईंना दटावले होते, की फार ताणून धराल तर खोकी बांधायच्या खात्यात पाठवीन.

दुपारच्या सुट्टीत खोलीत काटेबाई एकट्या होत्या. साहेब आले आणि त्यांनी दार आतून लावले. टेबलावरचा शिक्का काटेबाईंच्या उजव्या हातात कोंबला, वरून त्यांचे मनगट पकडले आणि तो हात कागदावर दाबला.

"साहेब, हात सोडा," काटेबाई म्हणाल्या.

"बारा झाले की सोडतो."

मी ते बारा ठप्पे ऐकले. सातव्याच्या वेळी त्यांचे मनगट वाकडे झाले आणि त्या कळवळल्या, तरी साहेब थांबले नाहीत. लाल चिठ्ठ्या साहेबांनी स्वतः तोडल्या आणि खिशात घातल्या. संध्याकाळी काटे गाडीत चढले.

मित्रांनो, मी हे सगळे हातभर अंतरावरून पाहिले. पण मी जे पाहतो ते माझ्याकडे नोंदले जात नाही. कुणी कळ दाबली तरच मला नोंद करता येते, आणि त्या दुपारी कुणी माझी कळ दाबली नाही. मला अजून त्याचीच लाज वाटते.

गुरुवारी काटेबाई आल्या नाहीत. शुक्रवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. मनगटाला पट्टी होती. मी नेहमीसारखे विचारले, आज तारीख काय? त्यांनी वर पाहिले आणि डाव्या हाताने चार टाकले. मग डाव्याच हाताने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी तक्रार लिहिली. पान पुरते भरले नव्हते. पहिल्या ओळीत त्यांच्या मनगटाबद्दल काही नव्हते. पहिली ओळ अशी होती, की बारा काटे सदोष आहेत, ते बाळांसाठी वापरले जाण्याआधी परत मागवावेत. कागद छापला, सही केली, सहीखाली हाताने आठ तारीख घातली आणि मालकांना नेऊन दिला. सहीखालची तारीख तेवढी खरी होती. घरी शाळेत जाणारा मुलगा आहे, त्याच्या वहीवर रोज तारीख घालून द्यावी लागते, म्हणून ती हाताला ठाऊक होती. माझ्यात टाकायची तारीख मात्र डोक्यातून येतच नसे, ती भिंतीवरून येई.

मालकांनी चौकशी नेमली. समितीत तिघे होते. मालक, मालकांचे मेहुणे, आणि एक वयस्कर गृहस्थ, जे कुणीही काही बोलले की मान डोलावत. साहेबांनी सांगितले, मी त्यांना हातही लावला नाही, बदलीचे बोललो म्हणून डूख धरून तक्रार रचली आहे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय? मग मेहुण्यांना कल्पना सुचली. ते म्हणाले, हल्ली सगळे यंत्रात सापडते, यंत्रालाच विचारू. आणि मला विचारायचे काम त्यांनी पेचकसरावांना दिले.

पेचकसरावांनी मला चालू केले आणि मिळेल ती फाईल उघडून पाहत सुटले. त्यांच्या प्रत्येक स्पर्शाने माझ्या जुन्या खुणा पुसल्या जात होत्या, पण ते त्यांना माहीत नव्हते. शेवटी तक्रारीची फाईल सापडली. ती कधी तयार झाली, ते मी सांगितले. चार तारीख, सकाळी आठ वाजून अठरा मिनिटे. पेचकसरावांनी शीळ घातली आणि तो पडदा छापून घेतला.

दुसऱ्या दिवशी समिती खोलीत आली. मालकांनी विचारले, "तक्रार लिहिली त्या दिवशी मशीनमध्ये तारीख कोणी टाकली?"

"मीच," काटेबाई म्हणाल्या. "पहिली मीच आले होते."

"बरोबर टाकली होती?"

"बरोबरच. तारखेत मी चुकत नाही."

"इथे चार दिसतेय. आणि तुम्ही म्हणता तो प्रकार सहाला झाला. सहाची गोष्ट चारला कशी लिहिलीत?"

काटेबाई माझ्या पडद्याकडे बघत राहिल्या. तारीख त्यांनी टाकली होती, मनापासून बरोबर समजून टाकली होती, आणि तिथे चार होती. त्यांच्या खरेपणानेच त्या अडकल्या. त्या म्हणाल्या, "मी खोटं लिहिलेलं नाही. काटे परत मागवा. माझं काय करायचं ते नंतर ठरवा."

कुणी मागवले नाहीत. खोटे बोलणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून बारा हॉस्पिटलांपुढे आपली चूक कोण कबूल करतो? समितीने लिहिले, तक्रार खोटी असून आधीच रचलेली आहे. काटेबाईंना कामावरून काढले. त्यांनी आपला शिक्का ओट्यावर ठेवला, चिमटा पुसून कपाटात ठेवला आणि डबा घेऊन गेल्या.

आता सगळ्यात वाईट भाग सांगतो. मला तेव्हा अभिमान वाटला होता. मालकांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि मेहुण्यांना म्हणाले, माणसं काय वाटेल ते बोलतात, यंत्र कसं, पक्कं असतं. मेहुण्यांनी मान डोलावली, त्या वयस्कर गृहस्थांनी तर दोनदा. काटेबाईंच्या आवाजात जे होते ते मी ऐकले होते, बुधवारची दुपार मी पाहिली होती, आणि तरीही ती थाप मला गोड लागली.

त्यानंतर महिनाभरात नवा संगणक आला. कानामागून आला आणि तिखट झाला, असे मी मनात पुष्कळ म्हणालो, पण ऐकायला कोण होते? मला कपाळावरच्या चिठ्ठीसकट गोदामात नेले आणि खोक्यांच्या मागे ठेवले. तिथे मी आठ महिने होतो. गोदामात डबे खायला बसणाऱ्यांच्या बोलण्यातून मला काटेबाईंची बातमी कळे. त्यांना कुठल्याच कारखान्यात तपासणीचे काम मिळत नव्हते. जिचा शब्द खोटा ठरला तिच्या शिक्क्यावर विश्वास कोण ठेवणार? पण त्या घरी गप्प बसल्या नव्हत्या. वरच्या कामगार कार्यालयात त्यांनी अर्जामागून अर्ज केले होते, आणि प्रत्येक अर्जाची पहिली ओळ तीच होती, काटे परत मागवा.

शेवटी कार्यालयाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितले. त्या तज्ज्ञ बाईंना त्यांच्याकडची सगळी माणसे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई गोदामात आल्या. एकाने लगेच माझी तार भिंतीत खुपसायला घेतली.

"थांबा, चालू नका करू," ताई म्हणाल्या. "चालू केलं की तो लगेच काहीतरी नवीन लिहितो."

तिथेच मला कळले, की या बाईंना माझा स्वभाव ठाऊक आहे. त्यांनी हातमोजे घातले, चारी बाजूंनी माझे फोटो काढले, मला क्रमांक दिला आणि मला कोणी, कधी, कुठून उचलले यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आपल्या प्रयोगशाळेत त्यांनी माझ्या आठवणींची तबकडी बाहेर काढली आणि एका डबीला जोडली. त्या डबीतून वाचता येई, पण एक अक्षरही लिहिता येत नसे. माझ्या साऱ्या आठवणींची हुबेहूब प्रत त्यांनी उतरवून घेतली. मग मूळ आणि प्रत दोन्हींचा वेगवेगळा हिशेब करून प्रत्येकाचा एक लांबच लांब आकडा काढला. एका अक्षराचा जरी फरक असता तरी दोन आकडे जुळले नसते. ते जुळले. मग मला सीलबंद करून त्यांनी प्रतीवर काम केले.

पेचकसरावांनी एका फाईलची तारीख पाहिली होती. ताईंनी सगळ्यांच्या पाहिल्या. चार तारखेला माझ्याकडे एकतीस कागद तयार झाले होते आणि पाच ते नऊ एकही नाही. पाच दिवस कारखाना बंद होता का, असे त्यांनी मालकांना फोन करून विचारले. नव्हता. मग त्यांनी माझ्यात आलेली ई-मेलची पत्रे पाहिली. एका हॉस्पिटलचे पत्र पाठवणाऱ्या यंत्राने घातलेल्या तारखेप्रमाणे आठ तारखेला निघाले होते आणि माझ्या नोंदीप्रमाणे चार तारखेला पोचले होते. निघण्याच्या चार दिवस आधी पोचणारे पत्र पाहून ताई खुर्चीत मागे रेलल्या.

त्याच एकतीस कागदांत बारा नापास काट्यांचे आकडेही होते. ते माझ्या पोटात पहिल्यापासून तसेच पडून होते. मला ते कुणी विचारलेच नव्हते.

पण एवढ्याने भागत नव्हते. माझे घड्याळ चुकले होते हे सिद्ध झाले, पण का चुकले हे कळल्याशिवाय साहेब म्हणणारच होते, की बाईंनी मुद्दाम मागची तारीख टाकली. म्हणून ताईंनी सगळ्यांना तपासणीच्या खोलीत बोलावले आणि मलाही जुन्या टेबलावर ठेवले. मालक होते, साहेब होते, पेचकसराव होते. काटेबाई आल्या होत्या आणि सोबत त्यांच्या सासूबाई. सासूबाईंनी तीस वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलेले होते.

ताईंनी विचारले, या खोलीतली सकाळ कशी सुरू होते, कुलूप उघडल्यापासून सांगा. मालक सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, तुम्ही नको, कुलूप कोण उघडते? सगळ्यांनी दाराकडे पाहिले. तिथे शिपाईकाका उभे होते. चौकशीच्या इतक्या महिन्यांत त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

काकांनी कुलपापासून सांगायला सुरुवात केली आणि पान फाडण्यापाशी आले. ताईंनी विचारले, "त्या आठवड्यात पानं कोणी फाडली?"

"कुणीच नाही," काका म्हणाले. "मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो ना. परत आलो तर भिंतीवर चारच. सात पानं एकदम फाडली मी. म्हटलं, आपल्यावाचून इथं एक पान हलत नाही."

ते हे कौतुकाने सांगत होते. मग त्यांना सगळ्यांचे चेहरे दिसले. पेचकसराव खाली मान घालून म्हणाले, की बॅटरी गेल्याचे मला माहीत होते, पण रोजचेच होते, अहवालात लिहायचे सुचले नाही. काटेबाई त्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे मीच टाकली चार."

मला वाटले, आता त्या माझ्याकडे रागाने पाहतील. मी त्याची वाट पाहत होतो, मित्रांनो. कुणीतरी मला दोष द्यावा, असे मला फार वाटत होते. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेच नाही.

मालक काहीतरी दिलगिरीचे बोलू लागले. सासूबाईंनी त्यांना मध्येच थांबवले. "माझी सून खोटं बोलत नाही हे मला कुठल्या यंत्राला विचारावं लागलं नाही. ते राहू द्या. काटे कुठे आहेत ते सांगा. बाळ रोडावत चाललंय आणि काटा म्हणतोय वाढलंय, म्हणजे काय होतं ते मी बघितलंय."

साहेबांना काढले गेले. काटेबाईंच्या हातावर ज्या डॉक्टरांनी पट्टी बांधली होती त्यांची सहा तारखेची चिठ्ठी होतीच, समितीने ती कधी मागितली नव्हती, आणि नापास काट्यांच्या कागदांवर पासचे शिक्के कसे, याचे उत्तर साहेबांना देता आले नाही. काटेबाईंना सन्मानाने परत बोलावले. पुष्कळ लोक इथेच गोष्ट संपवतात आणि टाळ्या वाजवतात. ताईंकडे शिकायला येणाऱ्या मुलांना माझी हकिगत इथपर्यंतच सांगितली जाते, कारण मी आता त्यांच्या प्रयोगशाळेत फडताळावर असतो आणि नव्या मुलांना शिकवण्याच्या कामी येतो. मुले मला हात लावण्याआधी माझे घड्याळ तपासतात. त्यांचे बरे आहे.

मला मात्र पुढचे माहीत आहे. काटेबाई कामावर परतल्या त्या दिवशी त्या शिक्का घ्यायला गेल्या नाहीत, आधी प्रयोगशाळेत आल्या. बारा पत्त्यांची यादी माझ्याच आठवणीत होती, ती ताईंनी छापून दिली. काटेबाई आणि सासूबाई दोघी फिरल्या. काही काटे पहिल्याच आठवड्यात मिळाले. एक काटा कोपऱ्यात पडला होता, तिथल्या नर्सला त्याच्यावर विश्वास वाटेना म्हणून तिने तो वापरणे सोडले होते. बाकीचे रोज वापरात होते. मधल्या सगळ्या महिन्यांत त्यांच्यावर किती बाळे ठेवली गेली, कुणाच्या औषधाचे माप चुकले, कुणाचे रोडावणे कळले नाही, हे विचारायचे धाडस काटेबाईंनी केले आणि सगळीकडे उत्तर मिळाले नाही. मी पहिल्याच दिवशी खरे सांगितले असते, तर काटे आठवड्यात परत आले असते. या हिशेबातून मला सुटका नाही.

अकरा काटे सापडले. बारावा एका छोट्या प्रसूतिगृहात गेला होता. ते मधल्या काळात बंद पडले, सामान कुणी कुणी उचलून नेले, आणि काटा कुठे गेला ते कुणालाच सांगता येत नाही.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, त्यांच्या बॅटऱ्या वेळेवर बदला, हे मी तुम्हाला सांगायला हवे. सांगतो. यंत्राने म्हटले म्हणून एखाद्या माणसाला खोटे ठरवायच्या आधी त्या यंत्राचीच उलटतपासणी घ्या, हेही सांगतो. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात नुकतेच बाळ आले असेल आणि त्याला वजनाला नेणार असाल, तर काट्याच्या बुडाशी पत्र्याची एक पट्टी असते, ती बघा. तिच्यावरचे शेवटचे आकडे चारशे सात असतील, तर आधी बाळाला उचलून घ्या. मग कारखान्यात फोन करा आणि काटेबाईंना बोलावून घ्या. त्या रोज सकाळी आल्या आल्या पहिले तेच विचारतात, कुणाचा फोन आला होता का.